तांदळाचा चंद्र

"सुचेता, इकडे चंद्र कुठल्या अंगानं वर येतो गं?"

सासूबाई तंबूच्या दारात उभ्या होत्या. अंगावर बारीक काठाची सुती साडी, तिच्यावर निरंजनचं जुनं लोकरी जाकीट, पायात माझे चालायचे बूट आणि डोक्यावर डासांची जाळी लावलेली टोपी. ती टोपी कॅम्पवाल्यांनी दिली होती. सकाळी ती पहिल्यांदा घातल्यावर त्या आरशासमोर उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "मुंडावळ्या बांधल्यासारखं वाटतंय. या वयात!"

"पूर्वेलाच येत असेल, आई," मी म्हटलं. "सगळीकडे तिथूनच येतो."

"आणि पूर्व कुठंय?"

हा प्रश्न मात्र अवघड होता. सूर्य मावळतो त्याच्या समोर पूर्व, एवढंच माझं भूगोलाचं ज्ञान. आणि इथे सूर्य मावळायचं नाव घेत नव्हता. आम्ही स्वीडनच्या पार उत्तरेला होतो. जून महिना. काल आल्यापासून सूर्य त्या तळ्याभोवतीच्या डोंगरांच्या माथ्यावरून आडवा चालत होता, घाण्याच्या बैलासारखा. सकाळ कधी संपली आणि संध्याकाळ कधी लागली ते फक्त पोटाला कळत होतं.

"मला एकदा नीट सांग," आई म्हणाल्या. "दिवस मावळणारच नाही?"

"नाही."

"आज?"

"आज नाही, उद्याही नाही. अजून बरेच दिवस नाही. लोक हेच बघायला येतात इथं. रात्रीचा सूर्य."

"बघू देत लोकांना. मला चंद्र बघायचाय. आज संकष्टी आहे." आणि जाळीच्या आतूनच त्यांनी माझ्याकडे असं काही पाहिलं, जणू चंद्राची व्यवस्था करणं हे सुनेचं काम होतं आणि मी ते विसरले होते.

आता या गोष्टीला बरीच वर्षं झाली. पण तो उजेड अजून माझ्या डोळ्यांत आहे. मधासारखा, सगळीकडे सारखा पसरलेला, कुठल्याच वेळेचा नसलेला. त्या दोन दिवसांतलं मला जे आठवतं ते सगळं त्या उजेडातच आठवतं, आणि कधी कधी वाटतं की मी ते जागेपणी पाहिलंच नाही.

आम्ही दोघी तिथं कशा पोचलो ते सांगायला हवं. निरंजन आणि मी स्टॉकहोमला राहत होतो. आमच्या लग्नाच्या वाढदिवसासाठी त्यानं हा कॅम्प कितीतरी महिने आधी ठरवून टाकला होता. तळ्याकाठी एक आलिशान तंबू, आजूबाजूला मैलोनमैल माणूस नाही. अशा ठिकाणी दोन दिवस राहिलं की आपलं सगळं ठीक होईल असं तेव्हा त्याला वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही. पण तो वाढदिवस यायच्या आतच आम्ही वेगळं व्हायचं ठरवलं. आदळआपट झाली नाही. निरंजनमध्ये चारचौघांत सांगावं असं काही वाईट नव्हतं. तो फक्त प्रत्येक अवघड गोष्ट माझ्या ताटात वाढून स्वतः हात धुऊन उठायचा. हे मी किती वर्षं सहन केलं आणि शेवटी का केलं नाही, ती गोष्ट वेगळी.

तोवर कराडहून आईंचं तिकीट झालेलं होतं. त्या उन्हाळ्यापुरत्या आमच्याकडे येणार होत्या. त्या आल्या, की सांगू असं ठरलं. त्या आल्या, आणि आम्ही दोघांनी त्यांच्यासमोर सुखी जोडप्याचा असा काही प्रयोग लावला की नाट्यस्पर्धेत बक्षीस मिळावं.

मग एक दिवस निरंजन म्हणाला, "कॅम्पला तू आणि आई जा. तिथं निवांत असेल. सांगून टाक तिला."

"मी?"

"तुझं ऐकते ती. माझ्यासमोर रडेल."

म्हणजे हेही माझ्याच ताटात.

पण मी हो म्हटलं, आणि त्याला कारण होतं. माझी आई मी कॉलेजात असताना गेली. वडिलांनी दुसरं घर केलं, आणि त्या घरात मी पाहुणी झाले. लग्नाच्या पहिल्या वर्षी मला कावीळ झाली तेव्हा या बाई कराडहून एसटीनं पुण्याला आल्या आणि मी उठून चालायला लागेपर्यंत माझ्या उशाशी बसून पेपरातली शब्दकोडी सोडवत राहिल्या. मुद्दाम चुकीची उत्तरं सांगायच्या, मी चिडावं म्हणून. चिडले की म्हणायच्या, "आली, ताकद आली!" नवरा सुटणार हे कळल्यावर मला रडू आलं नव्हतं. या बाई सुटणार हे कळलं तेव्हा मी ऑफिसच्या बाथरूममध्ये नळ सोडून रडले होते. नवऱ्यापासून वेगळं व्हायला सह्या लागतात. सासू त्याच दिवशी आपोआप जाते, तिच्यासाठी कुणी वेगळा कागद करत नाही.

म्हणून मला वाटत होतं, जे काही सांगायचं ते मीच सांगावं. निदान माझ्या तोंडून ऐकतील. मग रागावल्या तरी माझ्यावरच रागावतील.

*

कॅम्पवर येताना होडीतून यावं लागलं. काठावर मारित उभी होती, त्या कॅम्पची मालकीण. उंचनिंच, उन्हानं नाक सोललेलं, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. तिनं आमच्याकडे पाहिलं, मग हातातल्या काळ्या दगडी पाटीकडे पाहिलं आणि जरा गोंधळली. पाटीवर खडूनं मोठ्या प्रेमानं लिहिलेलं होतं: सुचेता आणि निरंजन. मध्ये बदाम.

"नवऱ्याला काम निघालं," मी इंग्रजीत सांगितलं. "या माझ्या सासूबाई. मालती."

"माल्ती!" मारित म्हणाली आणि तिनं आईंना सरळ मिठीच मारली. आईंना मिठीची सवय नाही. त्या पाटासारख्या ताठ उभ्या राहिल्या, पण नंतर मला हळूच म्हणाल्या, "बाई मनानं चांगली दिसते."

तंबू म्हणजे नावाला तंबू. खाली लाकडी फरशी, मधोमध लोखंडी शेगडी, तिचं धुराडं कापडी छतातून वर गेलेलं. पितळी दिवे होते, त्यांचा उपयोग नव्हता. मागच्या बाजूला उघड्यावर तांब्याचं मोठं न्हाणीघंगाळ. छताला डोक्यावर एक पारदर्शक पट्टी, पडल्यापडल्या आभाळ दिसावं म्हणून. माणसानं जंगलात यावं आणि जंगलात आल्याचं त्याला कळूही नये, अशी सगळी तजवीज.

आणि पलंग एकच. त्यावर टॉवेलांचे दोन हंस करून ठेवलेले, चोचीला चोच लावून.

मी शरमेनं मेले. आई मात्र जवळ जाऊन निरखत राहिल्या. "टॉवेल आहेत होय! मला वाटलं इथला काही देव आहे." मग त्यांनी शांतपणे दोन्ही हंस उलगडले, झटकले आणि म्हणाल्या, "हा एक तुला, हा एक मला."

पलंगाच्या पायाशी हरणाचं कातडं अंथरलेलं होतं. मी ते घाईघाईनं उचलायला गेले, त्यांना चालणार नाही म्हणून. तर त्या म्हणाल्या, "राहू दे की. मृगाजिन आहे. उद्या पूजेला बसायला होईल. बघ, न सांगता सोय झाली."

ते उद्या म्हणजे संकष्टी. निरंजननं तारीख ठरवताना सूर्याचा विचार केला होता; पंचांगाचा केला नव्हता. संकष्टी कधी आहे हे न बघता आईंना घेऊन जायचं ठरवावं, ही चूक आमच्याच घरात होऊ शकते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मारितनं न्याहारीचं ताट आणलं. मासे, चीज, कसलीतरी जांभळी बोरं. मी तिला समजावलं की आईंचा उपास आहे, चंद्र दिसेपर्यंत त्या जेवणार नाहीत.

"चंद्र?" मारितनं विचारलं. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं. ती पुढं बोलणार, तेवढ्यात काठाला दुसरी होडी लागली आणि कुणीतरी तिला हाक मारली. मी ते विसरून गेले. डोक्यात माझंच वाक्य घोळत होतं, आणि त्याची सुरुवात काही केल्या सापडत नव्हती.

*

दुपारी म्हणा, किंवा जे काय होतं तेव्हा म्हणा, आम्ही मोदक करायला बसलो. आईंनी तांदळाची पिठी आणि खोबऱ्यागुळाचं सारण स्टॉकहोमहून डब्यात भरून आणलं होतं. उकड आमच्याच शेगडीवर काढली. मोदकपात्र नव्हतं, म्हणून मारितकडे एक कोरं पातेलं मागितलं. "याच्यात मासे शिजवलेत का ते विचार," म्हणत आईंनी मला दोनदा विचारायला लावलं.

तंबूचं दार उघडंच होतं. बाहेर तळं निपचित पडलेलं. भूर्जाच्या पांढऱ्या खोडांवर ऊन, आणि त्या खोडांची पडछाया पाण्यात इतकी स्वच्छ, की वरचं झाड कुठलं आणि खालचं कुठलं हे ठरवायचा कंटाळा यावा. लांब कुठंतरी एक पक्षी राहून राहून ओरडत होता.

"टिटवीसारखा ओरडतोय," आई म्हणाल्या. "पण अभद्र वाटत नाही."

मी पारी हातावर घेतली. म्हटलं, आता.

"आई, मला जरा बोलायचंय."

"बोल की."

"निरंजन आणि मी..."

"चिमटीत धर. अशी ओढलीस तर फुटेल."

मी पाहिलं. पारी फुटलीच होती, सारण तळहातावर आलं होतं. आईंनी ती माझ्या हातातून घेतली, पुन्हा मळली, पुन्हा पसरली. त्यांची बोटं सावकाश चालत होती. एकेक कळी उभी राहत होती. माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "उपाशी पोटी मला काही ऐकवू नको, बाई. चंद्र दिसू दे. दोन घास खाऊ. मग काय असेल ते सांग. मी ऐकेन."

"बरं," मी म्हटलं.

मला इतकं सुटल्यासारखं वाटलं की लाज वाटली. आणि लगेच भीतीही वाटली. आता पळवाट नव्हती. चंद्र उगवला की सांगायचं. माझी आणि त्या बाईंची ताटातूट त्या चंद्रावर येऊन थांबली होती.

*

पाण्यात गेलेला एक लाकडी धक्का होता. मोदक झाकून ठेवून आम्ही दोघी त्याच्या टोकाशी जाऊन बसलो. आईंनी हरणाचं कातडं सोबत आणलं होतं, ते खाली अंथरलं. डासांची जाळी वर केली. वारा होता, डास नव्हते.

किती वेळ बसलो कोण जाणे. बसूनबसून असं वाटायला लागलं की आपण पूर्वीपासून इथंच आहोत, स्टॉकहोम आणि कराड हे आपल्याला कुणीतरी सांगितलेलं आहे. पलीकडच्या काठानं दोन हरणं आली, पोटापर्यंत पाण्यात शिरली, आमच्याकडे पाहिलं आणि तशीच उभी राहिली. आईंनी त्यांना नमस्कार केला. का, ते मी विचारलं नाही. त्या उजेडात ते बरोबरच वाटलं.

"कराडला बरं असतं," आई म्हणाल्या. "गच्चीवर जायचं, सदाशिवगडाकडे तोंड करून उभं राहायचं. आधी गडामागं उजेड दिसतो. मग आला, आला म्हणेस्तोवर वर. हे होते तेव्हा खालून ओरडायचे, अगं दिसला का? भूक लागली! उपास माझा आणि भूक त्यांना."

मला हसू आलं. "तुम्ही लहानपणापासून करता ना संकष्टी?"

"छे! मी कसली? संकष्टीच्या दिवशी बटाटेवडे हाणणारी बाई मी."

"मग?"

"तुमचं लग्न झालं ना, त्या महिन्यापासून धरली."

मला हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी त्यांना संकष्टीला उपाशी बघत आले होते, आणि मला वाटायचं की ते त्यांच्या नाकाडोळ्यांसारखंच जन्मजात आहे.

"कशासाठी धरलीत?"

"असतं काहीतरी," त्या म्हणाल्या आणि डोंगराकडे बघत राहिल्या.

त्यांच्या ओठांना कोरड पडलेली दिसत होती. सकाळपासून पाण्यावर होत्या. रक्तदाबाची गोळीही त्यांनी रिकाम्या पोटी घेतली होती. मला त्यांची काळजी वाटत होती, आणि त्याच वेळी मी मनात म्हणत होते, आणखी थोडा वेळ येऊ नकोस. आणखी थोडा वेळ मला यांची सून राहू दे. देवाकडे मी क्वचितच काही मागते. तेव्हा मागितलं.

मारित बादली घेऊन पाणी न्यायला आली. आम्हाला तसं बसलेलं बघून ती बादली खाली ठेवून आमच्याजवळ उकिडवी बसली.

"तुम्ही चंद्राची वाट बघताय अजून?" तिनं मला विचारलं.

"हो. कुठून येतो तो?"

तिनं हातानं आमच्या समोरचा डोंगर दाखवला, आणि मग तो हात डोंगराच्या खाली नेला. "तो येणार नाही. पौर्णिमेनंतरचे हे दिवस तो तिथं खालीच असतो. उन्हाळ्यात आम्ही सूर्य घेतो, आणि चंद्र खालच्या लोकांना देतो. हिवाळ्यात या. तेव्हा पौर्णिमेचा चंद्र मावळतच नाही. असाच फिरत राहतो, आता सूर्य फिरतोय तसा." मग ती ओशाळून म्हणाली, "मी सकाळीच सांगायला हवं होतं."

"काय म्हणाली?" आईंनी विचारलं.

मी सांगितलं. जसंच्या तसं.

आई ऐकत राहिल्या. मग त्यांच्या खांद्यांना हिसका बसला. मला वाटलं, रडताहेत. पण त्या हसत होत्या. डोळ्यांना पदर लावून हसत होत्या. "म्हणजे मी इथं उपाशी बसले असते, बसले असते, आणि तो मुळातच येणार नव्हता!"

मारितही हसायला लागली, न कळता. मीही हसले. मग आईंचं हसू ओसरलं. त्या पाण्याकडे बघत राहिल्या. चेहरा हळूहळू निवत गेला. दिवा मालवल्यावर त्याची काच निवते तसा.

"चल," त्या म्हणाल्या. "तांदूळ आहेत माझ्या पिशवीत."

"कशाला?"

"पावसाळ्यात ढग असले, चंद्र दिसला नाही, की पाटावर तांदळाचा काढतात. माझी सासू काढायची. पाट मिळेल का इथं?"

पाट कुठला मिळायला. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. आमच्या तंबूच्या दाराशी ती काळी दगडी पाटी टेकवून ठेवलेली होती. सुचेता, निरंजन, मध्ये बदाम.

"ही घेऊ का?"

मी काही बोलायच्या आत आईंनी पाटी उचलली, मांडीवर घेतली आणि पदरानं पुसली. आधी एक नाव, मग बदाम, मग दुसरं नाव. घाई केली नाही, रागानंही पुसलं नाही. शाळेतल्या फळ्यावरचं झालेलं गणित पुसावं तसं. मग खडूचा एक पांढरा डाग राहिला होता तो ओल्या बोटानं काढला.

मी बघत राहिले. मी तिथंच फरशीवर बसले.

"आई..."

"आधी पूजा."

त्यांनी पिशवीतून तांदळाची पुरचुंडी काढली. मूठ पाटीवर धरून गोल फिरवली. काळ्या दगडावर पांढरं वर्तुळ उमटलं, मग भरत गेलं. बोटानं कड सारखी केली. एका बाजूला थोडी खाली घेतली, चतुर्थीचा चंद्र पुरा नसतो म्हणून. ती पाटी त्यांनी धक्क्याच्या टोकाशी नेऊन ठेवली. हरणाच्या कातड्यावर बसून तांब्यातलं तळ्याचं पाणी ओंजळीनं त्याच्यापुढे सोडलं, हळदकुंकू वाहिलं, हात जोडले. ओठ हलत होते. मारित जरा लांब, हातात रिकामी बादली धरून उभी होती. तिनंही टोपी काढली होती.

पूजा झाल्यावर आई माझ्याकडे वळल्या.

"ही शेवटची," त्या म्हणाल्या. "आज उद्यापन केलं."

"का?"

"तुमच्या संसारासाठी धरली होती. दोघं एकत्र राहू देत, एवढंच मागत होते दर महिन्याला. तुमच्या घरी आले, तर दोन न्हाणीघरांत दोन टूथपेस्ट. तू त्याला थँक्यू म्हणतेस. तो तुला सॉरी म्हणतो. नवरा-बायको घरात एवढ्या अदबीनं बोलायला लागली की माझ्या पोटात गोळा येतो. भांडत असतात तोवर मी घाबरत नाही."

"तुम्हाला केव्हाच कळलं होतं?"

"पहिल्याच दिवशी. मग वाट बघितली, कोण सांगतंय. तो सांगणार नाही हे माहीतच होतं. माझाच मुलगा आहे. त्याला काटा टोचला तरी तो बायकोच्या बोटानं काढतो." त्यांचा आवाज इथं पहिल्यांदा हलला. "तो असा झाला तो माझ्या हातून. त्यासाठी तुला बांधून ठेवू, आणि वर देवालाही त्यात ओढू? मी उपास करायचे तेव्हा मला वाटायचं मी तुझं भलं करतेय. तू तिथं अडकून राहावीस म्हणून मी जेवत नव्हते गं. काय बाई मी."

"असं नका म्हणू," मी म्हटलं. मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. जाकिटाला निरंजनच्या घराचा वास होता, आणि त्यांच्या हातांना गुळाचा.

बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "ऊठ. मला भूक लागलीय."

आम्ही मोदक खाल्ले. गार झाले होते. मारितला दिला, तिनं तो दोन्ही हातांनी धरून आधी वास घेतला. आईंनी किती खाल्ले ते मी मोजलं नाही. पण त्यांच्या गालांवर रंग परत आला. मारित पाणी भरून गेली. मी पाटी उचलायला वाकले, तांदूळ पिशवीत भरावेत म्हणून.

"थांब. तसे नको भरू." त्या उठल्या, तंबूत गेल्या आणि हंसाचा तो टॉवेल घेऊन आल्या. मी पँट-जाकिटात. त्यांनी टॉवेल माझ्या खांद्यावरून पदरासारखा पुढे घेतला. "दोन्ही हातांनी धर. खाली सांडू देऊ नको."

"आई, हे काय करताय?"

"लग्नात सून म्हणून तुझी ओटी भरून आणली होती. आता लेक म्हणून भरून पाठवते." त्यांनी मला कुंकू लावलं. मग पाटीवरचा चंद्र ओंजळीत गोळा केला आणि माझ्या ओटीत घातला. नारळाच्या जागी एक मोदक ठेवला. "जा म्हणत नाही. कुठं राहशील ते तुझं तू बघ, कुणाबरोबर राहशील तेही बघ. पण माहेर नाही असं कुणाला सांगू नकोस."

मला समोरचं काही दिसत नव्हतं. सूर्य नेमका डोळ्यांवर होता.

"आता त्यातले थोडे दाणे उचल," त्या म्हणाल्या, "आणि परत पाटीवर टाक."

मी टाकले. काळ्या दगडावर ते इकडेतिकडे पसरले.

"ते कशाला?"

"लेक निघताना थोडे दाणे माहेरी ठेवून निघते. सगळे घेऊन गेली तर परत येणार कशाला?"

त्यांनी ते दाणे एकेक करून वेचले, कनवटीला लावले आणि जाळीची टोपी पुन्हा डोक्यावर ओढली. वारा पडला होता, डास आले होते. पलीकडची हरणं अजून पाण्यात उभी होती. आभाळात कुठंही चंद्र नव्हता.

परत येताना रेल्वेस्टेशनवर फोनला रेंज आली, तसा निरंजनचा फोन आला. "सांगितलंस?"

"नाही," मी म्हटलं. "त्यांनीच सांगितलं."

बाकी सगळं मग रीतसर झालं. त्याचं इथं काय सांगायचं? त्याच वर्षी, त्या कराडला परत गेल्यानंतरच्या एका संध्याकाळी मी ऑफिसमधून घरी आले. नवीन, छोटं घर होतं, खिडकीत एकच कुंडी. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत संकष्टी दिसली आणि सवयीनं माझ्या मनात आलं, आता त्या गच्चीवर उभ्या असतील. मी फोन लावला.

"आई, चंद्र दिसला का?"

"कोण जाणे," तिकडून आवाज आला. तोंडात घास होता. "मी बटाटेवडे केलेत. तू केव्हा येतेस?"